भांडण की प्रणय : टाकीतल्या माशांचे वर्तन कसे वाचावे आणि केव्हा हात घालावा

दुकानातून ‘जोडी’ म्हणून आणलेले फायटर मासे घरी येताच एका टाकीत सोडले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मादी फाटलेल्या परांनिशी कोपऱ्यात पडलेली आढळते. नव्या हौशी मत्स्यपालकांच्या बाबतीत हे वारंवार घडते. विक्रेत्याच्या लेखी एक नर आणि एक मादी म्हणजे जोडी. माशांच्या लेखी ती जोडी अजून जमलेली नसते. याच्या नेमके उलटही घडते. गोल्डफिशचा नर मादीच्या पोटाला ढुसण्या देत तिच्यामागे टाकीभर धावत असतो, मादी अंडी घालण्याच्या बेतात असते, आणि पाहणारा मारामारी समजून घाईघाईने एकाला जाळीने बाहेर काढतो.

या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. पाठलाग करणे, पर ताठ उभारणे, अंगाला अंग घासणे, तोंडाने ढुसण्या देणे या हालचाली आक्रमणातही असतात आणि प्रणयाराधनातही असतात. त्यामुळे अंगावर धावून जाणाऱ्या माशाकडे कितीही वेळ पाहत बसले तरी निर्णय घेता येत नाही. पाहायचे असते ते दुसऱ्या माशाकडे: तो पळून लपतो, की थोडा दूर जाऊन पुन्हा वळून येतो? पुढील सर्व पायऱ्या या एका प्रश्नाभोवती रचल्या आहेत.

आधी थोडे कारण समजून घ्यावे

युरोपातील ओढ्यांत आणि खाड्यांत राहणारा स्टिकलबॅक हा पाठीवर तीन काटे असलेला, बोटभर लांबीचा मासा या विषयाच्या अभ्यासात फार मोलाचा ठरला. डच प्राणिशास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी त्याच्या वर्तनाचा बारकाईने अभ्यास केला. पुढे १९७३ मध्ये कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह त्यांना प्राणिवर्तनाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. विणीच्या हंगामात या माशाच्या नराचे पोट लाल होते, तो तळाशी आपली हद्द ठरवतो आणि वनस्पतींच्या तंतूंचे बोगद्यासारखे घरटे बांधतो. टिनबर्गन यांनी माशाशी फारसे साम्य नसलेले, पण खालची बाजू लाल रंगवलेले ओबडधोबड नमुने पाण्यात धरले, तेव्हा नर त्यांच्यावर तुटून पडले. आकाराने हुबेहूब, परंतु लाल रंग नसलेल्या नमुन्याकडे मात्र त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. खिडकीजवळच्या टाकीतले नर तर रस्त्याने जाणारी लाल टपालगाडी दिसली तरी त्या दिशेने धावत. म्हणजेच मासा समोरच्या प्राण्याला संपूर्णपणे ओळखून चिडत नाही, तर एखाद्या ठळक खुणेला उत्तर देतो.

त्याच्या प्रणयाची रीत आपल्या कामाला अधिक उपयोगी आहे. अंड्यांनी पोट फुगलेली मादी हद्दीत आली की नर नागमोडी नाच सुरू करतो, ज्यात एक झेप मादीच्या दिशेने आणि दुसरी घरट्याच्या दिशेने असते. मादीकडे घेतलेल्या झेपेत हल्ल्याची ऊर्मी असते आणि मागे वळण्यात तिला घरट्याकडे नेण्याची, असा या नाचाचा अर्थ लावला गेला. मादी डोके वर उचलून, फुगलेले पोट दाखवत तिथेच थांबली तर नर तिला घरट्याकडे नेतो. ती मागे आली तर तो घरट्याचे तोंड दाखवतो. ती आत शिरली तर तो तिच्या शेपटीच्या मुळाशी तोंडाने थरथरत टोचतो, आणि मग ती अंडी घालते. एकाची हालचाल दुसऱ्याच्या पुढच्या हालचालीला निमंत्रण देते आणि मादीने कोणत्याही टप्प्यावर उत्तर दिले नाही तर साखळी तिथेच तुटते. अंडी घालून झाल्यावर हाच नर मादीला हद्दीबाहेर हाकलून देतो.

ओढ्यात हाकललेल्या मादीला जायला जागा असते. दोन फुटी टाकीत, म्हणजे सुमारे पंचावन्न लिटर पाण्यात, ती नसते. बहुतेक दुखापतींचे खरे कारण माशाच्या स्वभावात कमी आणि टाकीच्या भिंतींत जास्त असते, ही गोष्ट नवख्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी, कारण त्यामुळे उपायही माशावर न करता टाकीच्या रचनेवर करावेत हे आपोआप सुचते.

पायरी पहिली : पाणी तपासावे, मगच माशांवर ठपका ठेवावा

मासे अचानक एकमेकांवर चालून जाऊ लागले किंवा विचित्र वागू लागले तर प्रथम पाण्याची चाचणी घ्यावी. अमोनिया आणि नायट्राइट या पाण्यात साचणाऱ्या दोन विषारी द्रव्यांचे प्रमाण शून्य असले पाहिजे. अमोनिया वाढला की मासे पृष्ठभागापाशी धापा टाकतात, सैरभैर धावतात, आणि हे धावणे पाठलागासारखे दिसू शकते. खडीवर किंवा दगडावर अंग घासून चमकत निघून जाणारा मासा कुणाचे आराधन करत नसतो. बहुधा त्याच्या अंगावर परजीवी असतात किंवा पाणी त्याला झोंबत असते.

एक उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. विणीच्या काळात गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर बारीक पांढरे दाणे उठतात. पुष्कळ जण त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून टाकीत औषध ओततात. रोगाचे ठिपके शेपटीसह अंगभर कुठेही विखुरलेले असतात आणि मासा मलूल होतो. विणीचे दाणे ठरावीक जागी, ओळीने असतात आणि नर नेहमीपेक्षा अधिक चपळ असतो. औषध ओतण्यापूर्वी हा फरक हातात भिंग घेऊन पाहावा.

पायरी दुसरी : हात न घालता पाहावे

टाकीसमोर थोड्या अंतरावर बसावे आणि पंधरा-वीस मिनिटे काहीही करू नये. पहिली काही मिनिटे मासे आपल्याला पाहून अन्नाच्या आशेने काचेशी येतात. ते पांगल्यानंतर खरे वर्तन दिसू लागते. सकाळी दिवा लागल्यानंतर, अन्न देताना आणि संध्याकाळी अशा तीन वेळा पाहणे योग्य, कारण अनेक जातींचे प्रणयाराधन पहाटेच्या प्रकाशाशी जोडलेले असते. आपल्याच देशातल्या ओढ्यांतून जगभरच्या टाक्यांत गेलेला झेब्रा मासा सकाळी उजेड होताच अंडी घालतो. रात्री टाकी पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पाहताना वहीत चार गोष्टी लिहाव्यात: कोण कुणाच्या मागे जातो, पाठलाग टाकीच्या कोणत्या भागात सुरू होतो आणि कुठे थांबतो, चावा घेतला जातो का आणि घेतला तर अंगाच्या कोणत्या भागाला, आणि ज्याचा पाठलाग होतो तो मासा त्यानंतर काय करतो. पाठलाग नेहमी एकाच दगडापासून सुरू होऊन ठरावीक अंतरावर थांबत असेल तर तो हद्दीचा वाद आहे. पाठलाग टाकीभर चालत असेल आणि एकच मासा पुनःपुन्हा लक्ष्य होत असेल तर ती छळणूक आहे आणि तिची दखल त्याच दिवशी घ्यावी लागते.

पायरी तिसरी : दुसऱ्या माशाचे उत्तर ओळखावे

घाबरलेला मासा फिका पडतो, पर अंगाशी मिटून घेतो, हीटर किंवा फिल्टरच्या मागे अथवा पृष्ठभागाच्या कोपऱ्यात तिरका होऊन राहतो आणि अन्न टाकले तरी पुढे येत नाही. अन्नाला न येणे ही यातली सर्वांत भरवशाची खूण आहे. राजी असलेली मादी याच्या उलट वागते. ती दूर जाते, पण नजरेआड होत नाही; पुन्हा वळते, अंग बाजूने दाखवते, आणि तिचा रंग उतरण्याऐवजी गडद होतो.

फायटरच्या मादीत हा फरक इतका स्पष्ट असतो की नवख्याने त्यावरच डोळा तयार करावा. घाबरलेल्या मादीच्या अंगावर डोक्यापासून शेपटीकडे जाणारे आडवे पट्टे उमटतात. अंडी घालण्यास तयार असलेल्या मादीच्या अंगावर उभे, फिकट पट्टे दिसतात, पोट गोल भरलेले असते आणि पोटाखालच्या परांमागे तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका स्पष्ट दिसतो. ती डोके किंचित खाली करून नराच्या दिशेने सरकते. फिकट रंगाच्या मादीत पट्टे नीट दिसत नाहीत, तेव्हा पोट, ठिपका आणि तिची चाल यांवर विसंबावे. आडवे पट्टे असताना तिला नराजवळ सोडणे म्हणजे तिला जाणूनबुजून जखमी करणे होय.

चाव्याची जागाही बोलकी असते. शेपटीच्या आणि वरच्या पराच्या कडा थोड्याशा कुरतडल्या गेल्या असतील तर ते प्रणयातही घडते आणि स्वच्छ पाण्यात पर पुन्हा वाढतात. अंगावरचे खवले निघालेले असतील, डोळ्याजवळ किंवा कल्ल्याजवळ जखम असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही; जखमी माशाला लगेच वेगळे करावे.

पायरी चौथी : आपल्या माशाची रीत माहीत करून घ्यावी

गप्पी महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहेत, कारण डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिका आणि आरोग्य खाती ते हौदांत आणि विहिरींत सोडतात. यांचा नर मादीपुढे येऊन अंग इंग्रजी एस अक्षराप्रमाणे वळवतो आणि थरथरतो. हे आराधन आहे. मात्र मादीने दाद दिली नाही तरी तो मागून येऊन मीलनाचा प्रयत्न करत राहतो आणि हे दिवसभर चालते. इथे चावाचावी क्वचितच होते, परंतु एका मादीमागे तीन-चार नर असले तर ती अन्नाविना थकून मरते. एका नरामागे दोन-तीन माद्या आणि पृष्ठभागावर तरंगणाऱ्या वनस्पतींचा दाट आडोसा, एवढे केले की प्रश्न बहुतांशी सुटतो. पिल्ले नको असतील तर फक्त नर ठेवावेत; नुसत्या माद्या आणल्याने काम भागत नाही, कारण मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून पुढे कित्येक महिने पिल्ले देत राहू शकते.

टायगर बार्ब हा मासा थोड्या संख्येत ठेवला तर इतरांचे पर कुरतडतो, आणि एंजल किंवा लांब शेपटीचे गप्पी शेजारी असले तर त्यांची दुर्दशा होते. आठ किंवा अधिक जणांच्या थव्यात त्यांची चढाओढ आपापसांतच चालते. त्यांना एंजलबरोबर मात्र ठेवूच नये, थवा कितीही मोठा असला तरी.

सिक्लिड कुळातील मासे हा या विषयातला सर्वांत समृद्ध आणि नवख्याला सर्वांत अवघड जाणारा भाग आहे. मध्य अमेरिकेतला कॉन्व्हिक्ट, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला एंजल आणि दक्षिण भारत व श्रीलंकेच्या निमखाऱ्या पाण्यातला नारिंगी क्रोमाइड या तिन्ही जातींत नर आणि मादी दोघेही अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात. जोडी जमताना दोघे एकमेकांचे तोंड तोंडात धरून मागेपुढे ओढतात. हेच तोंडयुद्ध दोन नर हद्दीसाठीही करतात. जोडीच्या बाबतीत ते थोडक्यात संपते आणि दोघे पुन्हा एकाच दगडाकडे किंवा पानाकडे वळून ती जागा तोंडाने साफ करू लागतात. वैराच्या बाबतीत एक हरतो, रंग टाकतो आणि पळतो. जागा साफ करणे ही अंडी येणार असल्याची पक्की खूण मानावी. कॉन्व्हिक्टची मादी नराहून लहान असते आणि तिच्या पोटावर नारिंगी छटा असते, म्हणजे इथे रंगाचा भाग मादीकडे आहे. एंजलमध्ये नर-मादी वरून ओळखता येत नाहीत. अंडी घालण्याच्या सुमारास पोटाखाली बाहेर येणारी नळी नरात बारीक व टोकदार आणि मादीत जाड व बोथट दिसते. म्हणून एंजलची ‘जोडी’ विकत न घेता पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवावेत आणि जोडी त्यांची त्यांना जमवू द्यावी.

अशी जोडी जमली की ती टाकीचा अर्धा भाग आपला मानते आणि उरलेल्या माशांना दुसऱ्या अर्ध्यात कोंबते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीतसुद्धा, म्हणजे सुमारे १९० लिटर पाण्यात, कॉन्व्हिक्टची राखण करणारी जोडी इतरांना जगू देत नाही. इतर मासे हलवावेत. जोडीला हलवू नये, कारण हलवल्याने ती बऱ्याचदा मोडते आणि अंडी खाल्ली जातात. तरुण एंजल पहिल्या काही खेपांना स्वतःची अंडी खातात, तेव्हा निराश होऊन त्यांना वेगळे करू नये. क्रोमाइडची पिल्ले आईबापांच्या अंगाला पुनःपुन्हा चिकटून त्वचेवरचा स्राव खातात. ते पाहून पिल्ले मोठ्यांना चावत आहेत असा समज करून घेऊ नये.

आफ्रिकेतील मलावी सरोवराचे रंगीत सिक्लिड मुद्दाम दाटीने ठेवले तर आक्रमण एका माशावर न एकवटता सर्वांत विभागले जाते, हे खरे आहे. परंतु त्यासाठी फार मोठी टाकी, दमदार फिल्टर आणि पाणी बदलण्याची कडक शिस्त लागते. पहिल्या वर्षात या वाटेला जाऊ नये. फ्लॉवरहॉर्न हा संकरातून तयार झालेला सिक्लिड तर एकट्यानेच ठेवण्याचा मासा आहे.

पायरी पाचवी : टाकीची रचना बदलून वाद कमी करावा

पहिला उपाय नजरेचा. माशाला समोरचा मासा सतत दिसत राहिला तर उत्तेजना ओसरत नाही. काचेच्या समांतर दगड मांडण्याऐवजी ते आडवे मांडावेत, म्हणजे टाकीच्या एका टोकाकडून दुसरे टोक दिसू नये. नारळाची अर्धी करवंटी, मातीची आडवी ठेवलेली कुंडी, लाकडाचा ओंडका, दाट वनस्पती हे सर्व चालते; फक्त आडोशाला दोन वाटा असाव्यात, कारण एकच तोंड असलेल्या बिळात मासा कोंडला जातो.

दुसरा उपाय हद्दी पुसण्याचा. नवा मासा सोडण्यापूर्वी दगड आणि ओंडके हलवून नव्याने मांडावेत. जुन्या माशाची खूणगाठ त्या दगडांशी बांधलेली असते. ते हलले की त्यालाही नव्याने जागा शोधावी लागते आणि नवागतावर तुटून पडण्यास फुरसत मिळत नाही. जुन्या माशांना आधी थोडे अन्न द्यावे, संध्याकाळी दिवा मालवावा आणि मग नवा मासा सोडावा. अंडी किंवा पिल्ले असलेल्या टाकीत मात्र हा बदल करू नये.

तिसरा उपाय तापमानाचा. पाणी तापले की माशांचे शरीरव्यापार वाढतात आणि चढाईही वाढते. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. एप्रिल-मेमध्ये टाकीतले पाणी तिशीच्या वर गेल्यावर शांत मासेही एकमेकांवर धावू लागतात. अशा वेळी झाकण उघडून वर जाळी टाकावी, टाकीवर पंख्याचा वारा सोडावा आणि हवेचा पंप चालू ठेवावा. बर्फाचे खडे थेट पाण्यात टाकू नयेत.

याउपर छळ थांबला नाही तर वेगळे करणे भाग आहे, आणि इथे एक सल्ला आवर्जून द्यावासा वाटतो. छळल्या गेलेल्या माशाऐवजी छळणाऱ्याला काही दिवस वेगळे ठेवावे. तो परत येईपर्यंत इतरांनी जागा वाटून घेतलेली असते आणि त्यालाच नवागत म्हणून वावरावे लागते. जखमी माशाला मात्र स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या टाकीत ठेवावे. फाटलेल्या परांना पाण्याची स्वच्छता हेच मुख्य औषध आहे, आणि गोड्या पाण्यातल्या बहुतेक जातींना लिटरमागे एक ग्रॅम साधे मीठ सोसते.

पायरी सहावी : फायटरची वीण, आरंभापासून

आक्रमण आणि प्रणय किती जवळजवळ असतात हे समजण्यासाठी फायटरइतका चांगला शिक्षक नाही. थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर घोषित केले. त्याच्या डोक्यात कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेणारा एक अवयव असतो, म्हणून तो उथळ, साचलेल्या पाण्यात तगतो. परंतु त्यामुळेच दुकानदार त्याला पेल्याएवढ्या भांड्यात ठेवतात, आणि ते योग्य नाही. दोन नर समोरासमोर आले की कल्ल्यांची झाकणे पुढे उघडतात, त्याखालची गडद पडदी दाढीसारखी बाहेर येते आणि पर ताठ होतात. मादी दिसल्यावरही पहिल्या क्षणी नर हेच करतो. पुढचे सर्व तिच्या उत्तरावर ठरते.

वीण घेण्यापूर्वी पिल्ले कुठे जाणार हे ठरवावे. एका खेपेला शंभरांच्या हिशेबात अंडी येऊ शकतात आणि वाढलेला प्रत्येक नर वेगळ्या भांड्यात ठेवावा लागतो. जागा नसेल, घेणारे कुणी नसेल, तर हा प्रयोग करू नये. उरलेले मासे तळ्यात किंवा नदीत सोडणे हा पर्याय नाही.

नर आणि मादी आकाराने साधारण सारखे, निरोगी आणि तरुण निवडावेत. दोघांना आठ-पंधरा दिवस वेगवेगळे ठेवून डासांच्या अळ्या, आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा गोठवलेले रक्तकिडे (लाल रंगाच्या बारीक अळ्या) असे सकस खाद्य द्यावे. डासांच्या अळ्यांसाठी पाणी उघड्यावर साठवून ठेवू नये, कारण त्यातून घरात डेंग्यूचे डास निघतात.

विणीच्या टाकीच्या तळाशी खडी नसावी, म्हणजे पडलेली अंडी नराला सापडतात. पाणी पाच-सहा इंच खोल, तापमान २७ ते २८ अंश, आणि प्रवाह नको. थर्माकोलचा पेला उभा अर्धा कापून पृष्ठभागावर चिकटवावा, किंवा आपल्याकडे रस्त्याकडेला असणाऱ्या देशी बदामाचे, झाडावरून आपोआप गळलेले, तपकिरी वाळके पान धुऊन तरंगत ठेवावे. पानाने पाणी चहासारखे तपकिरी होते, ते या माशांना मानवते. फवारणी झालेल्या झाडाची पाने घेऊ नयेत. एका बाजूला मादीला लपता येईल असा वनस्पतींचा दाट झुबका ठेवावा आणि टाकीवर झाकण असावे.

नराला आधी सोडावे. मादीला तळ कापलेल्या पारदर्शक बाटलीत, पाण्यात उभी करून, नराच्या समोर ठेवावे. इथे घाई करू नये. नर तिच्यापुढे पर फुलवतो, मग पानाखाली जाऊन हवा गिळतो आणि लाळेत गुंडाळलेले बुडबुडे एकेक करून सोडत राहतो. दुसऱ्या दिवशीपर्यंत बुडबुड्यांचा घट्ट थर तयार झाला, मादीवर उभे पट्टे दिसू लागले आणि ती बाटलीच्या काचेला लागून नराच्या हालचालींमागे फिरू लागली, तरच बाटली अलगद उचलावी. घरटे नाही, किंवा मादी बाटलीच्या दूरच्या कडेला चिकटून आहे, तर तिला परत तिच्या टाकीत न्यावे आणि आठवड्याने पुन्हा पाहावे.

बाटली उचलल्यावर पाठलाग होतोच, आणि तो पाहवत नाही. नर तिला ढुसण्या देतो, थोडे पर फाटतात, ती झुबक्यात शिरते. इथे हात आवरावा, पण टाकीपासून दूर जाऊ नये. ती काही वेळाने बाहेर येऊन डोके खाली घालून घरट्याकडे जात असेल तर सर्व ठीक चालले आहे. ती बाहेरच येत नसेल, तिच्यावर आडवे पट्टे परतले असतील किंवा नर घरटे सोडून फक्त तिच्या मागावर असेल, तर लगेच वेगळे करावे. रात्री दोघांना एकत्र ठेवून झोपी जाऊ नये.

जमले तर घरट्याखाली नर आपले शरीर मादीभोवती वळवून तिला उलटी करतो. काही क्षण दोघेही निश्चल होतात, अंडी पांढऱ्या कणांसारखी खाली घरंगळतात, आणि नर सुटून त्यांच्यामागे जातो. तो ती तोंडात गोळा करून बुडबुड्यांत चिकटवतो. मादी काही वेळ निपचित तरंगते, ती मेली असे वाटते, पण ती शुद्धीवर येऊन पुन्हा घरट्याखाली जाते. पहिल्या काही मिठ्यांत अंडी येत नाहीत. नंतर हे कित्येक तास चालू शकते. शेवटी नर तिला घरट्यापासून हाकलू लागतो आणि ती दूर कोपऱ्यात थांबते. हीच तिला बाहेर काढण्याची वेळ. काही तासांपूर्वी ज्या मादीपुढे तो नाचत होता, तिच्यात आता त्याला अंडी खाणारा शत्रू दिसतो, आणि त्याचा संशय निराधार नसतो. तिला स्वच्छ, शांत पाण्यात ठेवावे आणि भरपूर खाऊ घालावे.

अंडी साधारण २४ ते ४८ तासांत फुटतात. पिल्ले शेपटी खाली करून घरट्याला लोंबकळतात आणि गळून पडलेल्यांना नर तोंडात धरून परत वर नेतो. या काळात त्याला त्रास देऊ नये आणि तळाशी अन्न कुजेल इतके टाकू नये. दोन-तीन दिवसांनी पिल्ले आडवी पोहू लागली की नराला बाहेर काढावे, नाहीतर पांगलेल्या पिल्लांना तो खाऊ लागण्याची भीती असते. पहिले काही दिवस पिल्लांना सूक्ष्मजीवांचे पाणी लागते. वाळलेले कोबीचे पान किंवा केळ्याच्या सालीचा तुकडा जुन्या टाकीच्या पाण्यात काही दिवस ठेवला की ते तयार होते. त्यानंतर ताजी फुटलेली आर्टेमियाची पिल्ले द्यावीत. हवेतून श्वास घेण्याचा अवयव पहिल्या काही आठवड्यांत घडत असतो, म्हणून झाकण बंद ठेवून पाण्यावरची हवा उबदार आणि दमट राहील असे पाहावे.

पिल्ले अडीच-तीन महिन्यांची होईपर्यंत त्यांतील काही एकमेकांपुढे थांबून कल्ल्यांची झाकणे उघडू लागतात. सुरुवातीला हे क्षणभर चालते आणि दोघे वेगळे होतात. शेपट्यांच्या कडा कुरतडलेल्या दिसू लागल्या की झाकणे उघडणाऱ्यांना एकेक करून वेगळ्या बरण्यांत काढावे आणि बरण्यांच्या मधे कागद लावावा. एकदा वेगळा केलेला नर पुन्हा भावंडांत सोडू नये. तो परतला की त्याच्या लेखी ते सगळे परके असतात. माद्या आणि अजून शांत असलेली पिल्ले मोठ्या टाकीत आणखी काही काळ एकत्र राहू शकतात, मात्र त्यांच्यावर रोज सकाळी अन्न देताना नजर टाकावी आणि जो अन्नाला येत नाही त्याला आधी शोधावे.